नीलव्वाच्या गळ्यावरचा वळ

काव्याची सोयरीक करकंबच्या घरात ठरली ते साल दोन हजार तेवीस. त्याच वर्षी, उन्हाळा लागता लागता, तिचा बाप महेश्वर पुण्याच्या तुरुंगात आपल्या बायकोला भेटायला गेला... लग्नाच्या बायकोला, शिक्षा झाल्यापासून पहिल्यांदा!

भेट आली आहे एवढंच दानेश्वरीला सांगितलं होतं. वकीलबाई असतील असं समजून ती जाळीपाशी आली आणि समोर नवरा दिसला. केस पांढरे झालेले, कपाळावरची विभूती घाईत ओढलेली, उभं राहण्यात पाहुण्याचा अवघडलेपणा. त्याने आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी शिपाईबाईंनी तपासायला ठेवून घेतली होती. सोलापुरात बाळीवेशीत त्यांचा कडक भाकरीचाच धंदा. लग्न होऊन आल्यापासून दानेश्वरीचे हात त्याच तव्यावर पोळले होते. भाकरीचा तो खमंग वास जाळीतून आला आणि क्षणभर त्या वेड्या मनाला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, चल घरी...

"बरी हायस?" त्याने खाली बघत विचारलं.

"मी हाय तशी हाय. काव्या कशी हाय ते सांगा."

मग त्याने सोयरिकीची गोष्ट काढली. मुलगा सोमेश, करकंबला शेती, कारखान्यावर नोकरी. मुलाचे वडील बापूसाहेब मोठ्या मनाचे. मुलीची आई कुठे आहे हे ठाऊक असूनही, शिक्षा भोगतायत, झालं गेलं, असं म्हणाले. दानेश्वरी ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ती नऊ वर्षांची, दोन वेण्यांची पोर उभी राहत होती. विसाव्या वर्षाची काव्या कशी दिसते हे त्या आईला माहीतच नव्हतं!

पण महेश्वर नुसतं सांगायला आला नव्हता. दानेश्वरीने डॉक्टरवर जो दिवाणी दावा लावला होता, त्याची बातमी पेपरात आली होती, आणि बापूसाहेबांना ते रुचलं नव्हतं. तिने दावा मागे घ्यावा. मग तो स्वतः जामीन राहून तिला रजेवर घरी नेईल, मांडवात उभी करील. मात्र आधी तिने थोरल्या नणंदेचे, रुद्राणीचे, चारचौघांत पाय धरून चुकलं म्हणावं, म्हणजे भावकीचंही तोंड बंद होईल.

"आक्कांच्या पाया पडते की मी," दानेश्वरी म्हणाली. "थोरल्या हायत, पडायलाच पायजे. पण चुकलं म्हणून न्हाय पडणार."

"एक शब्द हाय, दाने. एक शब्द म्हण आणि पोरीच्या डोक्यावर अक्षता टाक."

"तो एक शब्द म्हटला की ही सगळी वर्सं खरी ठरत्यात."

महेश्वर चिडला. एवढा शिकलेला डॉक्टर भर कोर्टात खोटं कशाला बोलेल, त्याचं तिच्याशी काय वैर होतं, असं त्याने विचारलं.

"वैर असतं तर निदान माझं तोंड तरी बघितलं असतं त्यानं," ती म्हणाली. "सासूला मारलेली म्हणून लेकीच्या मांडवात उभी राहण्यापरीस, न मारलेली म्हणून हितं मेलेली बरी. जावा तुमी. पोरीला माझा आशीर्वाद सांगा, सांगावासा वाटला तर."

तो गेला. ती मात्र जाळीला कपाळ टेकून उभीच राहिली, आणि इतका वेळ आवरलेले अश्रू तिच्या गालांवरून घळाघळा वाहू लागले. जिच्यासाठी जीव टाकला त्या लेकीचं लग्न, आणि आपणच आपल्या हातांनी त्या मांडवाचं दार लावून घेतलं... पण तिला दुसरं काही करताच आलं नसतं.

ते सगळं घडलं होतं दोन हजार तेराच्या श्रावणात. महेश्वर ज्वारीच्या खरेदीला बार्शीला गेला होता आणि बहिणीकडे मुक्कामाला राहिला होता. घरात सासू नीलव्वा, सासरे शिवलिंगप्पा, दानेश्वरी आणि लहानगी काव्या. नीलव्वाला दम्याचा जुना विकार. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी भाकरी करपल्यावरून सासू-सुनेची बोलाचाली झाली, अगदी गल्लीला ऐकू जाईल अशी. पण त्या घरात ती नित्याचीच, आणि भांडण झालं की सुनेने सासूच्या डोक्याला तेल चोळून द्यायचं हेही नित्याचंच. त्याही संध्याकाळी दानेश्वरीने वाटीभर तेल नीलव्वाच्या पांढऱ्या केसांत जिरवलं आणि दोघी हसून झोपल्या. सकाळी ती चहा घेऊन गेली, तर हाकेला ओ नाही! शिवलिंगप्पांनी नाकापुढे हात धरून पाहिला. श्वास नव्हता. अंग मात्र अजून ऊन होतं.

त्यांच्या लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला निजवून ठेवत नाहीत. देह ताठायच्या आत त्याला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवायचं, मान सरळ राहावी म्हणून कपाळावरून पांढरी पट्टी घेऊन ती मागच्या खुंटीला बांधायची, विभूती लावायची, आणि तसंच बसवून रुद्रभूमीत समाधी द्यायची. शेजारपाजारचे धावून येत होते. पण शिवलिंगप्पांनी दार लोटून घेतलं, कुणाला आत येऊ दिलं नाही. पन्नास वर्षांची सोबत आहे, मीच बसवणार, म्हणाले. दानेश्वरीने खांदे धरले आणि म्हाताऱ्याने पट्टी बांधली. पण कपाळ तेलाने ओशट झालेलं. पट्टी पुन्हा पुन्हा निसटत होती आणि प्रत्येक वेळी नीलव्वाची मान छातीवर पडत होती. ते त्या माणसाला बघवेना... शेवटी त्याने पट्टी हनुवटीखालून घेतली, गळ्याशी आवळली आणि खुंटीला गाठ मारली. वरून शाल पांघरली, हार घातला. बाहेरून पाहणाऱ्याला नीलव्वा ध्यानाला बसल्यासारखी दिसत होती, आणि डोक्याचा सगळा भार त्या पट्टीवर आला होता.

दुपारी रुद्राणी भावाबरोबर बार्शीहून आली. विधीसाठी बोलावलेल्या जंगम स्वामींनी अंघोळीसाठी पट्टी सोडली, आणि गळ्यावर काळानिळा, खोल वळ दिसला! आईच्या गळ्याला हे काय म्हणून रुद्राणीने जो टाहो फोडला, त्याने सगळी गल्ली गोळा झाली. कुणीतरी आदल्या दिवशीचं भांडण सांगितलं. पोलीस आले. पट्टी कुणी बांधली, त्यांनी विचारलं.

शिवलिंगप्पांचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. बायको भिंतीशी बसलेली आणि आपल्याला पोलीस ओढून नेणार, ही भीती त्या चेहऱ्यावर दिसत होती. दानेश्वरीच्या अंतःकरणात दया दाटून आली. गेलेल्या माणसाला पट्टी कुणी का बांधेना, त्यात काय मोठंसं, असा भाबडा विचार तिने केला.

"मी बांधली," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांनी तिचा सारा संसार गिळला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने पुढे कोर्टात शपथेवर सांगितलं, की वळाच्या जागची कातडी आपण प्रयोगशाळेकडून तपासून घेतली. वळ मेल्यानंतरचा नाही, बाई जिवंत असताना गळा आवळला गेलेला आहे. दानेश्वरीने तेव्हा सासऱ्यांकडे पाहिलं. खटल्याच्या त्या गर्दीत शिवलिंगप्पा मागच्या बाकावर बसले होते. त्यांचे डोळे स्वतःच्या दोन्ही तळहातांवर खिळलेले होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता. तिच्या लक्षात आलं! त्या भोळ्या माणसाला वाटतंय, की अंग ऊन होतं म्हणजे नीलव्वा जिवंत होती, आणि आपणच आपल्या हातांनी... आता खरं सांगितलं तर हा फास म्हाताऱ्याच्या गळ्यात पडणार होता. आणि कायद्याने सोडलं असतं तरी तो दुसऱ्या दिवशी विहिरीत सापडला असता.

वकिलाने खोदून खोदून विचारलं. ती एकच बोलत राहिली. पट्टी मी बांधली, पण सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या.

जन्मठेप झाली. शिवलिंगप्पा एक शब्दही न बोलता सोलापूर सोडून मैंदर्गीला, मूळच्या गावी, निघून गेले. हायकोर्टातलं अपील फेटाळलं गेलं. महेश्वरने डॉक्टरवर विश्वास ठेवला, काव्याने बापावर. आणि दानेश्वरीने मनाशी ठरवलं, रडायचं नाही, कुणाच्या पुढे हात जोडायचे नाहीत.

अशी कित्येक वर्षं गेल्यावर पूनम नावाची तरुण वकील तुरुंगात आली. गरीब कैद्यांची कामं ती सरकारच्या वतीने फुकट बघायची. दुसऱ्या एका खटल्यात त्याच डॉक्टरने अगदी तेच वाक्य सांगितलं होतं, आणि न्यायाधीशांनी प्रयोगशाळेचा अहवाल मागितल्यावर तो निघालाच नव्हता. पूनमने नीलव्वाच्या नावाचीही चौकशी केली. प्रयोगशाळेने सांगितलं, असला काही नमुना आमच्याकडे आलेलाच नाही!

 दानेश्वरीने विचारलं, त्या माणसाला परत पिंजऱ्यात उभं करता येईल का? पूनमने खरं ते सांगितलं. दिवाणी कोर्ट खुनाची शिक्षा पुसू शकत नाही. साक्षीत बोललेल्या शब्दांवर दावा चालतो का, हीच मोठी अडचण. पण तपासणी झालीच नाही एवढं जरी ठरलं, तरी ते घेऊन पुन्हा हायकोर्टाचं दार ठोठावता येईल.

"मग तेवढंच मागा," दानेश्वरी म्हणाली. "मला त्याच्याकडून दुसरं काय नको. केली न्हवती म्हणून त्यानं तोंडानं म्हणावं."

बराकीतल्या बायकांनी तिची चेष्टा केली. सांगोल्याकडची केराबाई, आयुष्य मेंढरांमागं गेलेली, तिला म्हणाली, "दिवाणी तर आमच्यात बांधाच्या भांडणाला लावत्यात बाई. तू कुणाचा बांध कोरायलीस?"

"माझाच कोरलाय एकानं. तो सरळ करून घ्यायलेय," दानेश्वरी म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिने पूनमकडून कबूल करून घेतली. मैंदर्गीच्या म्हाताऱ्याला यातलं काहीही कळवायचं नाही, त्याला साक्षीला ओढायचं नाही. पट्टी कुणी बांधली हे तिने पूनमलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरच्या वकिलाने दावा मुळातच फेटाळण्याची मागणी केली. न्यायाधीशबाईंनी बरेच दिवस विचार केला आणि एका प्रश्नापुरता दावा ठेवून घेतला, तपासणी झाली होती की नव्हती. आणि तेवढ्यात काव्याची सोयरीक ठरली होती.

महेश्वर त्या भेटीहून घरी परतला तो धुमसतच. तुझ्या आईला तुझ्या लग्नापेक्षा तिचा दावा मोठा आहे, एक शब्द म्हणायला तयार नाही, असं त्याने लेकीला सांगितलं.  पण रात्रंदिवस काव्याच्या मनात तेच घोळत राहिलं. आजीला मारणारी म्हणून जिचा तिने इतकी वर्षं तिरस्कार केला, त्या बाईला फक्त चुकलं म्हणायचं होतं, म्हणजे घर, मांडव, लेक, सगळं मिळणार होतं... केलं असतं, तर ती म्हणाली नसती का?

घरातली पहिली पत्रिका थोरल्याला द्यायची म्हणून ती मैंदर्गीला गेली. शिवलिंगप्पा शेताकडेला एका खोलीत राहत होते. कपाळ कोरडं, शिक्षेच्या दिवसापासून त्यांनी विभूतीला हात लावला नव्हता, का ते कुणाला सांगितलं नव्हतं. नातीला बघून त्यांचे डोळे भरून आले. तुझी आई येणार का, त्यांनी विचारलं. काव्याने रागारागाने सांगून टाकलं, की आई येत नाही, तिने डॉक्टरवर दावा लावलाय, त्याने आजीच्या गळ्याची कातडी तपासलीच नव्हती म्हणते.

म्हातारा ताडकन उठून उभा राहिला.

"काय म्हणालीस? परत सांग."

"तपासलीच नव्हती म्हणे, आजोबा. नुसतंच सांगितलं."

"म्हंजे ती... जिवंत होती, हे कुणीच बघितलं न्हवतं?"

काव्याला त्या प्रश्नाचा अर्थ कळेना. आणि मग तो ऐंशीच्या घरातला माणूस जमिनीवर बसला, आपल्या दोन्ही हातांकडे बघत लहान मुलासारखा हमसाहमशी रडू लागला, आणि रडता रडता त्याने नातीला त्या सकाळची सगळी हकीकत सांगितली... ओशट कपाळ, निसटणारी पट्टी, खुंटीची गाठ, आणि पोलिसांपुढे सुनेने उच्चारलेले ते दोन शब्द. काव्या भिंतीला धरून ऐकत होती. तिची आई! जिला एकदाही भेटावंसं तिने स्वतःला वाटू दिलं नव्हतं, ती आई या म्हाताऱ्याच्या जिवासाठी तुरुंगात बसली होती!

हे सगळं दानेश्वरीला नंतर कळलं. तिला माहीत होती ती फक्त तारीख. भाद्रपदात पोलिसांच्या गाडीतून तिला सोलापूरच्या कोर्टात आणलं. आत पाऊल टाकलं आणि पुढच्याच बाकावर तिला शिवलिंगप्पा दिसले, वाळून काटकी झालेले. आणि त्यांचा हात धरून बसलेली एक उंच, सावळी मुलगी. त्या मुलीने वर पाहिलं. नीलव्वाचेच डोळे... दानेश्वरीने ओळखलं. तिच्या उरात आनंदाची आणि भीतीची एकच लाट उसळली.

पूनमने उठून सांगितलं, की हा साक्षीदार आपण बोलावलेला नाही, तो आपणहून आला आहे, त्याचं ऐकावं. त्याबरोबर दानेश्वरी पोलीसबाईचा हात झटकून उभी राहिली.

"बाईसाहेब, त्यांचं ऐकू नका! म्हातारा माणूस हाय, डोकं ठिकाणावर न्हाय. पट्टी मी बांधली. मी!"

सगळं कोर्ट चकित झालं. दावा लावणारीच आपल्या बाजूच्या साक्षीदाराला अडवते, हे कुणी पाहिलं नव्हतं! न्यायाधीशबाईंनी तिला शांतपणे खाली बसायला सांगितलं. शिवलिंगप्पा पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले आणि तिथून सुनेकडे वळून कानडीत म्हणाले, "साकु, मगळे." बस झालं पोरी, एवढंच ते म्हणाले, आणि दानेश्वरी मटकन बाकावर बसली.

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरच्या वकिलाने उलट विचारलं, की एवढं खरं होतं तर तुम्ही इतकी वर्षं तोंड का मिटून बसलात? सून आत सडत होती, तेव्हा कुठे होता तुम्ही?

 म्हातारा म्हणाला, "तुमच्या डॉक्टरनं सांगितलं, वळ उठला तवा ती जिवंत होती. गाठ तर मी मारल्याली. मग साहेब, मी कुणाला काय सांगू? माझ्या बायकोला मी मारलं, आणि सून माझ्या जागी गेली, हे तोंडानं सांगायचं मला जमलं न्हाय. भ्यालो मी. त्याची काय शिक्षा असंल ती द्या. पण त्यांना एकदा विचारा, बघितलं होतं का. मी नवरा हाय तिचा. मला कळायला पायजे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पिंजऱ्यात आला. निवृत्त झालेला, देखणा, संथ बोलणारा माणूस. पूनमने विचारलं, नमुना कधी पाठवला. आठवत नाही. कुणाबरोबर पाठवला. आठवत नाही. अहवाल कुठे आहे. फार वर्षं झाली. असं बराच वेळ चाललं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर डॉक्टरची नजर समोरच्या बाकाकडे जाऊन परत येत होती. तिथे शिवलिंगप्पा बसले होते. रागाने नव्हे, शापाने नव्हे, तर दवाखान्याच्या दाराशी नातेवाईक बसतात तसे, डॉक्टर काय सांगतोय म्हणून आशेने बघत...

"नमुना पाठवला नव्हता," शेवटी डॉक्टर म्हणाला.

"पण शपथेवर सांगितलंत, की तपासून घेतला."

"वळ फार स्पष्ट होता. मला शंका आली नाही."

"प्रश्न तो नाही, डॉक्टर. जे केलं नाही ते केलं म्हणून का सांगितलंत?"

डॉक्टरने चष्मा काढला. "मी नेहमी तसंच सांगायचो," तो म्हणाला.

 शिवलिंगप्पांनी डोळे मिटले, दोन्ही हात जोडले, आणि त्यांच्या तोंडून एक दीर्घ निःश्वास बाहेर पडला. दानेश्वरीला वाटलं होतं, हे शब्द ऐकताच आपण ओरडू, हसू, त्या माणसाला दोन शब्द सुनावू. तसं काही झालं नाही. ती फक्त ताठ बसून राहिली, आणि तिच्या मनात एकच विचार आला, की एवढंच होतं तर... एवढ्याच एका सवयीपायी!

बाहेर व्हरांड्यात पोलिसांनी तिला थोडा वेळ थांबू दिलं. शिवलिंगप्पा काठी टाकून तिच्या पायांशी वाकू लागले, तशी तिने त्यांना वरच्या वर धरलं.

"दानव्वा, तुला ठावं होतं मी काय समजून बसलोय ते. बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी जगला असता का, अप्पा?"

"मी तरी कुटं जगलो."

"राग हाय माझा तुमच्यावर," ती म्हणाली. "लई राग हाय. पण तो हितं न्हाय काढणार. घरी आल्यावर काढीन, सावकाश."

म्हातारा रडता रडता हसला. काव्या इतका वेळ मागे उभी होती. काय म्हणून हाक मारावी हेच तिला कळत नव्हतं. आई हा शब्द तिने कितीतरी वर्षांत उच्चारला नव्हता. दानेश्वरीनेच हात पुढे केला आणि तिच्या गालावरून फिरवला, उंच झालीस की गं, म्हणाली. तेवढ्याने बांध फुटला. मुलीने आईच्या गळ्यात मिठी मारली, आणि ते आक्रंदन ऐकून पोलीसबाईनेही तोंड फिरवून डोळे पुसले.

रुद्राणी भिंतीशी उभी होती. माझ्या एका ओरडण्यानं तुझा जन्म गेला, असं म्हणत ती पुढे आली आणि वाकणार, तोच दानेश्वरीने तिला थांबवलं. "पाया पडायचं काम माझं हाय, आक्का. तुमी थोरल्या," ती म्हणाली आणि वाकून तिने नणंदेच्या पायांना हात लावला. चारचौघांत, भर व्हरांड्यात. पण चुकलं हा शब्द तिने उच्चारला नाही, आणि आता तो कुणाला ऐकायचाही नव्हता.

महेश्वर मात्र खांबाआड उभा होता. काय तोंडानं बोलू, असं काहीसं तो पुटपुटला. "तुमाला मी काय विचारलं न्हाय," दानेश्वरी म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

दिवाणी कोर्टाने निकाल दिला, की प्रयोगशाळेची तपासणी झालीच नव्हती. तो निकाल घेऊन पूनम हायकोर्टात गेली, आणि पुढच्या वर्षीच्या आरंभी दानेश्वरी फेरसुनावणी होईपर्यंत जामिनावर सुटली. काव्याने करकंबला आधीच निरोप धाडला होता, की आई सुटल्याशिवाय मी मांडवात बसणार नाही आणि नव्या पत्रिकेत तिचं नाव आधी येईल. बापूसाहेबांनी कुरकुर केली. सोमेश म्हणाला, थांबू की, घाई कसली. वैशाखात लग्न झालं. दानेश्वरीने लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मांडवात काही बायका कुजबुजल्या. त्यांच्याकडे तिने अशी नजर रोखून पाहिलं, की त्याच पुढे होऊन तिला हळदकुंकू लावून गेल्या.

लग्न उरकल्यावर ती नवऱ्याच्या घरी राहिली नाही. बाळीवेशीतलं घर तुमचं आहे, ज्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही त्याच्या चुलीशी मी कशी बसू, असं तिने महेश्वरला स्पष्ट सांगितलं, आणि ती सासऱ्यांबरोबर मैंदर्गीला गेली. तिथे तिने तवा मांडला. शिवलिंगप्पा रोज सकाळी कपाळभर विभूती ओढून तिच्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, काढ आज राग. ती म्हणायची, वेळ न्हाय, भाकरी करपंल. महेश्वर दर सोमवारी सोलापुरातून यायचा, बाहेर कट्ट्यावर बसायचा, चहा पिऊन जायचा. ती चहा बाहेरच पाठवायची. पावसाळा गेला, संक्रांत गेली, आणि एका सोमवारी अप्पांना ताप भरलेला असताना तिने दारात येऊन म्हटलं, "बाहेर कशाला बसलाय? आत या. वडलांपाशी बसा." तो आत आला, आणि त्यानंतर त्याच्यासाठी आतच पाट पडू लागला. ती मात्र परत बाळीवेशीत गेली नाही. धंदा विकून शेवटी तोच मैंदर्गीला आला.

हायकोर्टाने दानेश्वरीला निर्दोष ठरवलं ते दोन हजार पंचवीसच्या ऑगस्टमध्ये. ऐकायला अप्पा नव्हते. शिवलिंगप्पा त्याच वर्षी एकोणीस मार्चला, दुपारच्या जेवणानंतर, मैंदर्गीत वारले.